श्रद्धांजलीनंतरची सूचना

ऑक्टोबर १९९८. शनिवार, दुपार. विरार पूर्व, चंदनसार, केबलची खोली.

हजर: केबलवाला, शूटिंगवाला, आमच्या बिल्डिंगमधल्या दुसऱ्या मजल्यावरच्या काकू, आणि मी.

गैरहजर: काका, म्हणजे काकूंचे यजमान. मंगळवारी सकाळी कोथिंबीर आणायला म्हणून गेले, ते आलेच नव्हते.

मला हजेरी मांडायची सवय आहे. शाळेच्या कार्यालयात नोकरी केली, त्यामुळे कुठलंही काम सुरू करताना कोण आलं, कोण नाही, काय काय उरकायचं आहे, हे आधी कागदावर उतरतं. काका आमच्या कार्यक्रमाला कधीच गैरहजर राहिलेले नव्हते. त्या दिवशीही सवयीने त्यांचा रकाना आखून झाला होता.

कार्यक्रम म्हणजे काय ते आधी सांगते. त्या वर्षांत चंदनसारला एकामागून एक बिल्डिंगा उभ्या राहत होत्या. गिरगावातून, लालबागमधून, कोकणातून, देशावरून माणसं येत होती. एकाच जिन्यावर राहून एकमेकांची आडनावं ठाऊक नसत. पाणी टँकरचं, आणि टँकर केव्हा येणार हे कुणालाच ठाऊक नसे. एकदा आम्ही पाचसहा बायका केबल बंद पडल्याची तक्रार घेऊन केबलवाल्याकडे गेलो आणि बोलता बोलता टँकरवर घसरलो. तो इथलाच, खाडीकडच्या शेतकरी घरातला, तिशीच्या आतला मुलगा. त्याचं स्वतःचं एक चॅनेल होतं. खोलीत व्हीसीआर लावून त्यावर दिवसभर सिनेमे दाखवायचा.

"पान्याचं मला काय सांगता ताई," तो म्हणाला. "मी टीव्ही दाखवतो. तुम्हीच या आणि टीव्हीवर बोला. रविवारी संध्याकाळचा तास मोकळाच आहे."

तो थट्टा करत होता. मी ते खरं धरलं आणि दोन दिवसांत त्याच्या हातात तासाचा आराखडा ठेवला. त्याने तो दोनदा वाचला आणि म्हणाला, "तुमच्याशी मस्करी करायची सोय नाय."

असा आमचा तास सुरू झाला. नाव ठेवायचं राहून गेलं, लोक नुसतं 'तास' म्हणायचे. नियम मी केले होते: जाहिरात नाही, पुढाऱ्याचा वाढदिवस नाही, कुणाच्या लग्नाची कॅसेट नाही. केबलवाला अधूनमधून कुरकुरायचा, "सोनाराची एवढीशी पाटी लावू? कोपऱ्यात?" मी नाही म्हणायचे. एकदा पाटी आली की तास सोनाराचा होतो. मग तो खांदे उडवायचा आणि चहा मागवायचा.

तासात टँकरच्या वेळा असत. पोलिओचे डोस कुठे, रेशनवर काय आलं, कुणाला रक्त हवं आहे, कोण शिवण शिकवतं. शाळेतली मुलं कविता म्हणत. शेवटी श्रद्धांजली. ती आम्ही आधी ठेवलेली नव्हती. पण शेजारच्या बिल्डिंगमधलं माणूस गेलं आणि आपल्याला महिन्याने कळलं, असं इतक्यांदा व्हायला लागलं की लोकच फोटो घेऊन यायला लागले. गावी पत्र जायचं, गिरगावात फोन जायचा, पण समोरच्या जिन्याला कळवायची सोय नव्हती. ती सोय आम्ही झालो. हळूहळू असं झालं की टँकरच्या वेळा ऐकताना लोक बोलत बसत, पण श्रद्धांजली सुरू झाली की बायका हातातली भांडी ठेवून बाहेरच्या खोलीत येत.

हे सगळं वाचायचे काका. मुंबईत विमा कचेरीत नोकरी, निवृत्त झाल्यावर इकडे फ्लॅट. गिरगावात असताना गणपतीच्या मंडळात माइकवर सूचना द्यायचं काम त्यांचंच असे, हे ते अभिमानाने सांगत. आवाज खणखणीत आणि घाई अजिबात नाही. 'उद्या टँकर येणार नाही' हेसुद्धा ते असं वाचत की ऐकणाऱ्याला राग येत नसे.

दुसऱ्या वर्षी ते एकच सूचना दोनदा वाचायला लागले. आधी आम्हाला वाटलं, मुद्दाम. मग एकदा चारदा वाचली. शूटिंगवाल्याने कॅमेऱ्याच्या मागून माझ्याकडे पाहिलं. त्यानंतर मी त्यांच्या शेजारी, फ्रेमच्या बाहेर, खाली बसायला लागले. वाचून झालेला कागद काढून घ्यायचा आणि पुढचा हातात द्यायचा. या पद्धतीने सहा-सात महिने नीट चाललं. घरी मात्र काकूंना जड जात होतं. ते दार उघडून निघत, कुठेही वळत. भाजीवाला, रिक्षावाले, इस्त्रीवाला, सगळ्यांना ते टीव्हीवरचे काका म्हणून माहीत होते, त्यामुळे कुणीतरी हाताला धरून आणून सोडायचं. या वेळी कुणी आणून सोडलं नाही.

पोलिसात तक्रार दिली. पासपोर्ट साइजचा एकच फोटो होता, तो तिथे लागला. सगळ्या रिक्षा स्टँडवर सांगून झालं, दवाखाने झाले, नातेवाइकांना फोन झाले. उरला होता तास.

तर त्या शनिवारी काकू फोटोंची पिशवी घेऊन आल्या होत्या. आम्ही चौघांनी टेबलावर फोटो मांडले. एकात काका गॅलरीत डोळे मिटून उभे. एकात भाचीच्या लग्नातला फेटा, कपाळ भुवयांपर्यंत झाकलेलं. एकात चाळीतली वीस माणसं आणि त्यात काका अंगठ्याएवढे. चांगला स्वच्छ एकच निघाला, निवृत्तीच्या निरोप समारंभातला. खांद्यावर शाल, कपाळाला गंध, गळ्यात झेंडूचा भरगच्च हार, आणि समोर सरळ बघणारे काका.

"हाच घ्या," काकू म्हणाल्या. "यात ते त्यांच्यासारखे दिसतात."

शूटिंगवाल्याने फोटो उचलून उजेडात धरला. "झकास येईल. चेहरा क्लिअर आहे."

"सूचना कुठे लावायची?" केबलवाल्याने विचारलं. "सुरुवातीला?"

"सुरुवातीला कोण बघतंय," काकू म्हणाल्या. "सहा वाजता माझासुद्धा गॅसवर कुकर असतो. श्रद्धांजलीच्या वेळी सगळे बसलेले असतात. तिला लागून लावा. लगेच."

त्यांचं बरोबर होतं. आम्हा तिघांनाही ते पटलं. शहाणपणाचंच बोलत होत्या त्या. घरात पाच दिवस चूल नीट पेटलेली नसताना इतकं सुचणाऱ्या बाईचं मला कौतुक वाटलं होतं.

श्रद्धांजलीचं शूटिंग एका ठरावीक टेबलावर होई. मागे निळं मखमली कापड, त्याला टेकवून फोटो, बाजूला समई, आणि मागे बासरीची एक कॅसेट. त्या आठवड्यात दोघं गेले होते. त्यांचे फोटो घेऊन झाल्यावर मी समई उचलून ठेवायला लावली, फुलं काढायला लावली. काकांचा फोटो ठेवला. खाली पांढऱ्या अक्षरांत 'हरवले आहेत' आणि केबलच्या खोलीचा फोन. आवाज माझा होता. बासरी तेवढी चालू राहिली, कारण मध्येच थांबवली तर टेपवर खरखर येते, असं शूटिंगवाला म्हणाला.

रविवारी संध्याकाळी मी काकूंच्या घरीच बसले होते. तास बघितला. काकूंनी फोटोकडे बघून मान हलवली. "चांगलं आलं," म्हणाल्या. मग फोनची वाट बघत बसलो. त्यांच्या घरी फोन नव्हता, पण केबलवाला निरोप आला की हाताखालच्या पोराला पळवणार होता.

साडेसातच्या सुमाराला बेल वाजली. काकू माझ्याआधी उठल्या. दारात मागच्या बिल्डिंगमधल्या एक बाई उभ्या होत्या. आमची तोंडओळखसुद्धा नव्हती. अंगावर फिकट साडी, डोक्यावरून पदर, हातात स्टीलचा डबा. त्यांनी काकूंचा हात धरला आणि डबा त्यांच्या हातात दिला.

"काय आहे हो यात?" काकूंनी विचारलं.

"पिठलंभात," बाई म्हणाल्या. "तुम्ही दोन घास खाऊन घ्या. आज घरात काही शिजवू नका."

काकू डबा धरून उभ्या राहिल्या. डबा गरम असावा, त्या तो या हातातून त्या हातात घेत होत्या. ज्या घरात माणूस गेलं त्या घरी पिठलंभात जातो, हे आम्हा तिघींनाही माहीत होतं.

"अहो, ते हरवलेत," मी म्हटलं.

बाई माझ्याकडे बघत राहिल्या. "पण हार..." एवढंच म्हणाल्या.

मग त्यांच्या लक्षात आलं आणि त्या इतक्या कानकोंड्या झाल्या की काकूंनाच त्यांना बसवून पाणी द्यावं लागलं. त्यांच्या टीव्हीचा रंग गेलेला होता. अक्षरं पांढरी, शाल पांढरी. आणि स्वयंपाकघरातून बासरी ऐकून त्या धावत आल्या होत्या, माझा आवाज त्यांनी नीट ऐकला नव्हता. त्या जाईपर्यंत जिन्यात आणखी दोन माणसं येऊन उभी होती. एकाच्या हातात फुलं होती.

मी तशीच केबलच्या खोलीवर गेले. केबलवाला फोनच्या शेजारीच बसला होता. त्यालाही दोन फोन येऊन गेले होते, दोन्ही 'कधी नेणार' विचारणारे. त्याने लगेच पडद्यावर पाटी चढवली: काका सुखरूप असावेत, त्यांचा शोध चालू आहे. चंदनसारपुरतं निस्तरलं. पण आमची कॅसेट चंदनसारला थांबत नसे. तिची एक नक्कल रविवारी दुपारीच वसई गावाकडे केबलवाल्याच्या चुलतभावाकडे जाई. त्याची लाइन किल्ल्यापासून पाचूबंदरापर्यंत होती. तो सोमवारी आणि मंगळवारी दाखवायचा. हे आम्हीच मोठ्या खटपटीने जमवलेलं होतं, जास्त लोकांपर्यंत जावं म्हणून.

केबलवाल्याने तिकडे फोन लावला. चुलतभाऊ पालघरकडे हळदीला गेला होता. फोनवर त्याची आई आली. मुलगा नसला की बटणं त्याच दाबत.

"काकी, उद्या कॅसेटचा शेवटचा भाग लावू नका."

"शेवटचा म्हंजे कुटला?" पलीकडचा आवाज खोलीभर ऐकू येत होता.

"श्रद्धांजली."

"ती नाय लावली तर लोक दारात येतील. तेच तर बगतात."

तो समजावत राहिला, त्या हो हो म्हणत राहिल्या. सोमवारी त्यांनी कॅसेट सुरू केली आणि त्या मासे साफ करायला बसल्या.

पुढच्या रविवारसाठी आम्ही सूचना नव्याने केली. मी कॅमेऱ्यासमोर बसून बोलले, फोटोतला हार कागद चिकटवून झाकला, बासरी बंद. ही कॅसेट वसईला गेली, सोमवारी तिथे लागली, आणि मंगळवारी सकाळी पाचूबंदरावरून एका सुनेचा फोन आला. "तो मानूस आमच्याकडं होता. मागच्या मंगळवारी."

केबलवाल्याने त्याची व्हॅन काढली. काकू पुढे बसल्या. मी कागदावर लिहून घेतलं होतं काय काय विचारायचं: कपडे कोणते, चप्पल होती का, बरोबर कोणी होतं का, कुठल्या दिशेने गेले. वाटेत काकू एकदाच बोलल्या. "स्वेटर आणलाय," म्हणाल्या.

पाचूबंदरला मासळीचा लिलाव उरकला होता. टोपल्या धुवायचं काम चालू होतं. फोन करणारी सून आम्हाला तिच्या सासूकडे घेऊन गेली. सासू साठीच्या आतबाहेरची, जाड अंगाची, तोंडाने मोकळी बाई असावी, पण त्या दिवशी काकूंना बघून ती आधी उठूनच उभी राहिली.

"हो, होता तो," ती म्हणाली. "वाकटी मासळी सुकत घालतो ना, तिकडं काठ्यांखाली बसला होता. कपडे मळलेले, पन मानूस चांगल्या घरातला. येनाऱ्या-जानाऱ्याला सांगत होता, पानी उद्या येनार नाय. आमी हसलो."

काकू हसल्या. दोन आठवड्यांत पहिल्यांदा.

"मग मी तोंड बगितलं त्याचं. आदल्या राती टीव्हीवर बगितलेलं. मी सुनेला बोल्ली, यो तं मेलेला मानूस. ती बोल्ली, आई, भाऊ असंल त्याचा, जुळा असंल. मी त्याला इचारलं, बाबा, तुमचा भाऊ वारला का? टीव्हीवर दाखवला तो?"

केबलवाला खाली बघत होता.

"काय म्हणाले?" काकूंनी विचारलं.

"हो बोल्ला. नि रडला. लय रडला."

काकांना सख्खा भाऊ नव्हता. पण गेल्या वर्षभरात त्यांना कुणी काही खात्रीने विचारलं की ते हो म्हणत. जेवलात ना? हो. औषध घेतलं ना? हो. हे आम्हाला माहीत होतं. त्या बाईला कसं माहीत असणार?

"मग मी त्याला घरात घेतला," ती सांगत होती. "हातपाय धुवायला पानी दिलं. जेवायला घातलं. त्या दिवशी पापलेट होते, आमच्या घरचे ताजे, पन मी नाय वाढले. सुतकातल्या मानसाला मासे कशे वाढू? नुसता भात नि डाळ दिली."

"त्यांना मासे फार आवडतात," काकू म्हणाल्या.

शेजारच्या घरात रेडिओ चालू होता, मासेमारांसाठी हवेचा अंदाज सांगत होते.

"मग?" मी विचारलं. माझ्या कागदावरचे प्रश्न मला तेव्हा वाचता येत नव्हते.

"मग त्याला बोल्ली, बाबा, भाऊ गेला नि तुमी हितं कुटं बसलाय? घरी मानसं वाट बगत असतील, दिवस करायचे असतील. तुमाला घरी जायला पायजे. घर कुटं? तर बोल्ला, गिरगाव. माज्या मुलाचा टेम्पो मासे घेऊन टेशनला जात होता. त्यात बसवला. मुलाने तिकीट काढून दिलं नि डब्यात बसवला. जाताना त्याने मला हात जोडले." तिने स्वतःचे हात जोडून दाखवले, आणि ते तसेच राहिले. "मी त्याला ठेवून घेतला असता तर हितंच असता. मीच घालवला त्याला, बाय."

काकूंनी तिचे जोडलेले हात आपल्या हातांत घेतले आणि खाली केले. "तुम्ही त्यांना घरीच पाठवलंत," म्हणाल्या. "मी तरी दुसरं काय केलं असतं?"

निघताना त्या बाईने काकूंना कागदात गुंडाळून सुकी वाकटी दिली. काकू नको म्हणाल्या नाहीत. माझ्याकडच्या स्वेटरच्या पिशवीत त्यांनी ती ठेवली.

गिरगावात आम्ही तीनदा गेलो. जुन्या चाळीत अर्धी माणसं बदललेली होती, उरलेल्यांनी काका आलेले पाहिले नव्हते. प्रत्येक स्टेशनवर चौकशी झाली, मोठी इस्पितळं झाली, शवागारंही झाली. तिथे आत जायचं काम माझ्याकडे होतं, काकू बाहेर बाकावर बसत. मी बाहेर येऊन मान हलवली की त्या उठून पदर झटकत आणि विचारत, "आता कुठे?"

तास चालू राहिला. सूचना मी वाचायला लागले. काकांची सूचना आम्ही दर रविवारी लावली, वर्ष संपलं तरी लावली. काकू दर शनिवारी खोलीवर यायच्या, शूटिंग होईपर्यंत थांबायच्या. एकदा केबलवाला मला बाजूला घेऊन म्हणाला, "ताई, लोक विचारतात. किती दिवस दाखवनार म्हणून. मुलं त्या सूचनेची नक्कल करतात." मी म्हटलं, तू काकूंना सांग. तो गेला, त्यांच्यासमोर उभा राहिला, आणि चहा घेणार का विचारून परत आला. सूचना चालू राहिली.

ती थांबली वेगळ्या कारणाने. काही वर्षांनी एका मोठ्या कंपनीने त्याची लाइन घेतली. सगळं चित्र मुंबईहून वायरीने यायला लागलं, खूप चॅनेल, स्वच्छ चित्र. व्हीसीआरचं काम उरलं नाही. शेवटच्या रविवारी आम्ही टँकरच्या वेळा वाचल्या, दोन श्रद्धांजल्या, काकांची सूचना, आणि खोलीला कुलूप लागलं. केबलवाला त्याच कंपनीत वसुलीला लागला. शूटिंगवाल्याची लग्नाची कामं चालूच होती.

काकू एकट्या त्या कंपनीच्या कार्यालयात जाऊन आल्या. अर्धा मिनिट मागायला. तिथल्या मुलाने नीट बोलून सांगितलं की जाहिरात म्हणून देता येईल, आणि भाव लिहिलेला कागद दिला. काकूंनी तो घरी आणून मला दाखवला.

"ही जाहिरात आहे का गं?" त्यांनी विचारलं.

"नाही."

"मग मी नाही दिली."

त्यांनी कुंकू लावणं सोडलं नाही. भाच्याने एकदा कायद्याचं सांगितलं, इतकी वर्षं माणूस न दिसल्यास गेलं असं धरता येतं, फ्लॅट नावावर करायला बरं पडेल. काकू त्याला म्हणाल्या, "एकदा धरून झालंय. सगळ्या वसईने धरलं होतं." भाच्याने पुन्हा विषय काढला नाही.

मध्ये बरीच वर्षं गेली. मग कधीतरी ऐकलं की आता छोट्या संस्थांनाही आपल्या भागापुरता रेडिओ चालवायची परवानगी मिळते. नफ्यासाठी नाही, दहाएक किलोमीटरच्या टापूपुरता. मी चौकशी केली आणि बैठक बोलावली.

हजर: केबलवाला, आता डोक्याचे केस निम्मे गेलेला. शूटिंगवाला. महिला मंडळाच्या दोघी. काकू. मी.

कामं वाटून दिली. नोंदणी असलेली जुनी संस्था लागते, ती महिला मंडळाची होती. जागा शाळा देणार होती. मनोऱ्याची जागा आणि उंची केबलवाल्याने बघायची. अर्ज मी. केबलवाला सवयीने म्हणाला, "सोनाराची पाटी तर रेडिओवर लावताच येनार नाय. म्हंजे तुमचा ताप वाचला." सगळे हसले. काकूही.

बैठक संपल्यावर त्या मागे थांबल्या. "पहिल्या दिवशी त्यांची सूचना," म्हणाल्या.

"हो."

"फोटो नाही दिसायचा ना रेडिओवर?"

"नाही. वर्णन लिहावं लागेल."

"मग बरंय. हार दिसणार नाही." त्या खुर्ची ओढून बसल्या. "लिही."

मी कागद घेतला. उंची लिहिली. रंग लिहिला. डाव्या भुवईवरचा व्रण लिहिला. केस म्हटल्यावर त्या थांबल्या.

"गेले तेव्हा काळ्यात पांढरे होते," म्हणाल्या. "आता सगळे पांढरे झाले असतील. का गेलेही असतील?" मग म्हणाल्या, "वयही आताचं सांगायला हवं. चालणं बदललं असेल. दात." त्या माझ्याकडे बघत होत्या, जणू मला माहीत असावं. "आवाज लिही. आवाज तोच असेल."

"आवाज कसा लिहू?"

त्यांनी कागद आपल्याकडे ओढून पाहिला. मग उठल्या. "उद्या सांगते," म्हणाल्या.

अर्जाचं काम अजून पुढे-मागे चाललंय. एका कागदाला दुसरा कागद लागतो, तो आला की पहिल्याची मुदत गेलेली असते. तो मी पुरा करीन, ती कामं मला जमतात. काकू संध्याकाळी जिन्यात भेटल्या की कधी भुवईचं काही सुधारून सांगतात, कधी खांद्याचं. मी वर येऊन लिहिते, आधीचं खोडते.

आवाजाचं वर्णन तेवढं लिहायचं राहिलं आहे.